वीतभर उघडी कड

४ डिसेंबर

मायन्याची जागा तूर्त कोरी सोडत आहे. ‘चि. सौ.’ लिहिण्याची सवय आहे. परंतु गेल्या उन्हाळ्यात कोर्टात चिरंजिवांच्या आणि आपल्या सह्या झाल्या, त्यानंतर ‘सौ.’ लिहिणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. ‘श्रीमती’ लिहावे, तर जिने माझ्या चष्म्याच्या मोडक्या काडीला दोरा गुंडाळून दिला आणि वर ‘नाना, आता तुम्ही अगदी समुद्री चाचे दिसता’ असेही ऐकवले, तिला इतके परके संबोधन लिहायला हात धजत नाही. योग्य शब्द सापडला की जागा भरीन.

आपले पत्र पोहोचले. जानेवारीपासून आपले गोधड्या शिवण्याचे वर्ग सुरू होत आहेत, उसन्या यंत्रावर शिकवणे जड जाते, तेव्हा शिलाईयंत्र आणि कापडांची पेटी पाठवावी, हा आशय ध्यानी आला. अभिनंदन. आपल्या संपूर्ण पत्रात ऱ्हस्वदीर्घाची एकच चूक आढळली, आणि तीही घाईतली असावी. चाळीस वर्षे पाठ्यपुस्तकांची मुद्रिते तपासलेल्या माणसाचे हे प्रशस्तिपत्र आहे, जपून ठेवावे.

यंत्र पाठवण्यास माझी हरकत असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ते आपले आहे. मात्र गाडीवाला तूर्त मोकळा नाही, असे समजते.

यंत्र बैठकीच्या खोलीत, खिडकीपाशी, आपण ठेवले होते तिथेच आहे. मी त्यावर वाचून झालेली वर्तमानपत्रे ठेवतो. ते गेले की या घरात आपली अशी एकही वस्तू उरणार नाही, आणि आपल्याला पत्र लिहिण्यास मला काही सबळ कारणही उरणार नाही. ही तक्रार नाही. नोंद आहे.

पेटीत डांबरगोळ्या टाकाव्यात म्हणून काल ती उघडली. तळाशी एक अर्धवट गोधडी मिळाली: नुसताच वरचा पदर, आत कापूस नाही, खाली अस्तर नाही. दोन माणसांच्या पलंगावर पुरेल एवढा तो विस्तार, आणि जवळजवळ सगळा करडा. खालच्या उजव्या कोपऱ्यात तेवढे चार रंगीत तुकडे. तीन जवळजवळ, चौथा जरा बाजूला. बाकी काही नाही. मला प्रथम वाटले, छापखान्यातल्या जुळाऱ्याने अर्धे पान जुळवले आणि तो जेवायला निघून गेला. पुढे आठवले की आपल्याला असेच आवडत असे. ‘ही नवी पद्धत आहे नाना, रिकामी जागाही नक्षीच असते,’ असे आपण म्हणत असा, आणि मी म्हणत असे की मग कोरा कागदही कादंबरी असतो.

त्या चारांतला निळ्या रेघांचा तुकडा माझ्या परिचयाचा निघाला. हा माझा सदरा आहे. हा सदरा हरवला म्हणून मी कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याशी भांडलो होतो आणि त्याच्याकडे कपडे टाकणे बंद केले होते, हे आपल्याला माहीत होते. तरीही आपण गप्प राहिलात. याविषयी अधिक लिहीत नाही.

आणखी एक. त्या निळ्या तुकड्याची उजवीकडची शिवण तिरकी गेली होती. मी ती उसवून, पट्टी लावून, सरळ केली आहे. आभार मानण्याची आवश्यकता नाही.

आपला,
(सहीआधीचे नातेही तूर्त कोरे)


१३ डिसेंबर

मायना अजून कोराच आहे. ‘आपण’ मात्र आजपासून बंद. याचे श्रेय आक्काला.

आक्का परवा आली. दर वर्षअखेरीस थोरल्या बहिणीने धाकट्या भावाकडे येऊन त्याच्या घराची निंदा करावी, हा तिचा शिरस्ता तुला माहीत आहेच. दृष्टी आता फार अधू झाली आहे, जीभ नाही. तुझे पत्र मी तिला वाचून दाखवले, आणि माझे कसे होते तेही सांगितले.

“‘आपले पत्र पोहोचले’? अरे, सुनेला लिहितोयस की वीज कंपनीला?”

“ती आता कायद्याने सून नाही, आक्का.”

“मी काय कायदा विचारून तुझी बहीण झाले? गळ्यात पडलास, निभावतेय.”

हा युक्तिवाद बिनतोड आहे, म्हणून ‘तू’.

तुझे उत्तर आले. ‘नाना, शिवण तिरकी नव्हती. सदरा तिरका होता.’ वाक्य इतके चोख आहे की त्यात स्वल्पविरामही हलवता येणार नाही. सदऱ्याच्या खांद्यावरचा तो भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका कापलेला होता. असे कापड ओढले तसे ताणते. म्हणून तू शिवणच कापडाच्या कलाने वळवली होतीस, हे मला कसे कळणार? मला एवढेच दिसत होते की मी सरळ केलेल्या शिवणीपाशी कापड उकळलेल्या दुधावरच्या सायीसारखे सुरकुतले आहे. इस्त्री फिरवली. पाणी शिंपडून फिरवली. वर शब्दकोशाचे दोन्ही खंड ठेवले. सुरकुती तशीच.

“आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका काढल्यास,” आक्का तुकडा बोटांनी चाचपत म्हणाली, “आता घरातल्या घरात नवी करून दाखवलीस. प्रगती आहे.”

तू सांगितल्याप्रमाणे शिवण पुन्हा उसवली, तुकडा ओला करून सपाट पसरला, न ओढता वाळू दिला, आणि तो जसा पडला तसा त्याच्या कडेने कच्चे टाके घातले. शिवण पूर्वीपेक्षाही तिरकी झाली आहे. कापड मात्र तळ्यासारखे शांत आहे. मी आक्काला म्हणालो, हे नियमबाह्य आहे. ती म्हणाली, चपखल आहे, आता त्याला हात लावू नकोस.

तू लिहितेस की ती गोधडी माझ्यासाठीच होती; इच्छा असेल तर पुरी करावी, नसेल तर पेटीत राहू द्यावी; आणि काहीही झाले तरी रिकाम्या जागेत काही घालू नये. पुरी करीन. बोटात घालायचे अंगुस्तान पेटीत सापडले, ते माझ्या करंगळीतच जाते, म्हणून आक्काचे वापरतो. आतला कापसाचा थर आणि अस्तराचे कापड बाजारातून आणले. दुकानातल्या बाईंनी विचारले, “कुणासाठी शिवताय?” मी म्हणालो, “स्वतःसाठी.” त्यांनी माझ्याकडे ज्या कौतुकाने पाहिले ते मला मुळीच आवडले नाही.

लाँड्रीवाल्याकडेही जाऊन आलो.

“माझा निळ्या रेघांचा सदरा सापडला,” मी म्हणालो.

“बघा! मी म्हटलं नव्हतं, घरातच नीट बघा? कुठं होता?”

“गोधडीत.”

“मग नाना, आता गोधडीच टाका धुवायला. सदऱ्याचं म्हणून वेगळं काही घेणार नाही.”

तेव्हा तेही घर पुन्हा जुळले. यासाठी तुझे आभार मानावेत की तुला रागे भरावे, हे ठरलेले नाही.

यंत्राविषयी तू पुन्हा विचारले आहेस. गाडीवाल्याचे अजून नक्की नाही.

रिकाम्या जागेत काही घालू नये, असे का? तेवढे कळव.

नाना


२२ डिसेंबर

कळवण्याची गरज उरली नाही. कळले.

सुट्ट्या सुरू झाल्या. समोरची इमारत तुला आठवत असेल, करड्या गिलाव्याची, आपल्या खिडकीचे अर्धे आकाश अडवणारी. दरवर्षीप्रमाणे तिच्यातली कुटुंबे बॅगा घेऊन कुठे कुठे निघून गेली, आणि दिवेलागणीला ती भिंत जवळजवळ संपूर्ण काळोखी राहू लागली. आम्ही कालच संध्याकाळी तो पदर दोन खुर्च्यांच्या पाठींवर खिडकीपाशी टांगला होता. टाक्यांच्या रेघा कुठून कुठे घालाव्यात, यावर वाद चालला होता. आक्का चष्मा पुसायला म्हणून मागे सरकली, आणि चष्म्याशिवायच म्हणाली,

“हे समोरचं घरच आहे की रे.”

“कुठलं घर?”

“हे काय! आंधळी मी आहे का तू? ही भिंत, आणि ह्या खालच्या कोपऱ्यात चार खिडक्यांत दिवे.”

मी पदराकडे पाहिले, मग काचेतून बाहेर. करडी भिंत. कोपऱ्यात उजेडाचे काही चौकोन. ते जराही एका ओळीत नव्हते, कारण कुणी पडदा अर्धा ओढलेला होता आणि कुणाच्या खिडकीत झाडाची कुंडी होती.

तुझ्या सासूच्या शेवटच्या आजारात, त्या हिवाळ्यात, हिचा पलंग तू खिडकीपाशी आणलास. मला ते पटले नव्हते. वारा लागेल असे मी म्हणालो होतो. तू खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्यास आणि पलंग आणलासच. मी आतल्या खोलीत मुद्रिते तपासत बसे, आणि दररोज दिवेलागणीला हिचा आवाज दाराआडून येई: “बघ गं, आज कोण कोण घरी आहे?” मग तू खिडक्या मोजून सांगत असायचीस. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा आहेत. वरची बाळंतीण आहे. दंतवैद्य गेले वाटतं. ही म्हणे, “जाऊ देत, येतील.” मला तो आजारी माणसाचा वेळ घालवण्याचा प्रकार वाटे. तू हातात कागद घेऊन काहीतरी रेखाटत असायचीस, तेही दाराच्या फटीतून दिसे.

आज मी ते चार तुकडे दिव्याखाली नीट पाहिले. निळा माझा. पिवळा आपल्या स्वयंपाकघराच्या पडद्याचा; तो हिने निवडला होता आणि मी त्याला भडक म्हटले होते. नारिंगी चिरंजिवांच्या शाळेतल्या खेळाच्या सदऱ्याचा. कॉलरचा डाग आक्कालाही ओळखता आला. आणि चौथा, बाजूचा, तो तुझ्या हिरव्या एप्रनचा आहे.

आज कोण कोण घरी आहे? सगळे आहेत. बाकीची रिकामी जागा म्हणजे बाहेर गेलेल्यांची काळोखी भिंत; ती भरली असती तर हे चार दिवे दिसलेच नसते. तू ते हिच्यासाठी मांडलेस, ही गेल्यावर माझ्यासाठी पुढे चालवलेस, आणि स्वतः जाण्यापूर्वी आपली खिडकी थोडी दूर शिवलीस. तुझे आणि चिरंजिवांचे काय बिनसले ते मी विचारलेले नाही आणि विचारणार नाही. तो रविवारी फोन करतो, बरा आहे. मी एवढेच पाहतो की हिरवा तुकडा दूर असला तरी भिंत तीच आहे, आणि त्यातही दिवा आहे.

आता यंत्राविषयी. गाडीवाला मोकळा नाही, मग त्याचे नक्की नाही, असे मी दोनदा लिहिले. गाडीवाल्याला मी विचारलेच नव्हते. ती वाक्ये शुद्ध होती, एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल. तू तिकडे उसन्या यंत्रावर ताटकळत असताना मी इकडे तुझ्या यंत्रावर वर्तमानपत्रे रचत होतो, कारण ते गेले की तूही गेलीस असे मला वाटत होते. आज दुपारी गाडीवाल्याकडे जाऊन आलो. तो रोजच मोकळा असतो. ३० तारखेला येईल. तुझे वर्ग ठरल्या दिवशी सुरू होतील.

हिचा पलंग खिडकीपाशी आणल्याबद्दल मी तुझे कधी आभार मानले नव्हते. मानतो.

नाना


२८ डिसेंबर

मायना अजूनही कोरा आहे, परंतु फार काळ राहणार नाही.

गोधडी झाली. यंत्र बांधून ठेवले असल्याने सगळी हातानेच घातली. तीन थर कच्च्या टाक्यांनी जोडले, आणि मग डावीकडून मी, उजवीकडून आक्का, असे धावदोऱ्याने निघालो. सुईत दोरा मी ओवायचा आणि दोन्ही सुयांत ओवायचा, अशी वाटणी. करड्या भागात आडव्या रेघा घातल्या आहेत, एकेका मजल्यासारख्या. याखेरीज त्यात काही घातलेले नाही. तुझ्या सूचनेचे उल्लंघन झालेले नाही.

“तुझे टाके म्हणजे मुंग्यांची कवायत,” आक्का म्हणाली.

“आणि तुझे म्हणजे उंटांचा तांडा.”

“उंट लांबचा पल्ला गाठतात. तू अजून पहिल्या मजल्यावर आहेस.”

हे खरे होते. तिची रेघ मधोमध माझ्या रेघेला येऊन मिळायची, ती बहुतेक वेळा बोटभर खाली उतरलेली असे. पहिल्यांदा मी उसवायला कात्री घेतली. मग ती खाली ठेवली. समोरच्या इमारतीतही एक सज्जा असाच कललेला आहे, तिथल्या लोकांचे काही अडत नाही.

शिवताना आम्ही खूप बोललो. ही गेल्यापासून या घरात दिवसाउजेडी इतके बोलणे झाले नव्हते. चहा गार होई, पुन्हा केला जाई, तोही गार होई. आक्काने मला सांगितले की लहानपणी मी सरळ रेघ ओढता येईना म्हणून रडत असे. मी हे नाकारले. ती म्हणाली, “रडून रडून पट्टी हातात घेतलीस, ती अजून सोडली नाहीस.” इतके हसलो की तिच्या हातून सुई निसटली आणि आम्ही दोघे म्हातारे जमिनीवर बसून चुंबकाने ती शोधत होतो. अशी सुट्टी मला कित्येक वर्षांत लाभली नव्हती. ती तुझ्या पेटीतून निघाली.

काठाची पट्टी मात्र मी एकट्याने घातली. चारही बाजूंनी, आतून, बाहेर न दिसणाऱ्या टाक्याने. एक वीत सोडून.

ही वीत खालच्या उजव्या कोपऱ्यात, हिरव्या खिडकीपाशी आहे. दोरा संपलेला नाही. हात दुखत नाहीत. मी ती शिवलेली नाही. आत कापूस दिसतो, आणि अर्धवट ठेवलेली गोष्ट मला किती खुपते हे तुझ्याइतके कुणालाच माहीत नाही. आज सकाळपासून त्या खोलीत मी पाठ फिरवून बसतो आहे. पण ती कड तुझ्या हाताची आहे.

गाडी ३० तारखेला सकाळी इथून निघेल. गाडीवाला म्हणतो की तो आदल्या दिवशी तुझ्याच गावी सामान उतरवणार आहे आणि परत येताना गाडी रिकामी असते. चालकाशेजारची जागाही रिकामी असते. हे पत्रही त्याच्याच हाती पाठवत आहे. मी केवळ माहिती देत आहे.

न जमल्यास यंत्र सुखरूप पोहोचेल, याची खात्री बाळग. त्याचे चाक दोन्ही बाजूंनी कापडाने बांधले आहे आणि तेलाची बाटली वेगळी पिशवीत घातली आहे.

नाना


१० जानेवारी

चि. मुलीस
नानांचे अनेक आशीर्वाद.

सोपा शब्द होता. उगाच इतके दिवस लागले.

तू सुखरूप परत पोहोचलीस आणि यंत्र पहिल्याच दिवशी चालू झाले, हे कळले. वर्गात एका विद्यार्थिनीने ‘सरळ शिवता येत नाही’ म्हणून रडकुंडीला येऊन कापड दाखवल्यावर तू तिला माझ्या निळ्या सदऱ्याची गोष्ट सांगितलीस, असे लिहितेस. माझे नाव न घेता सांगितलीस, याबद्दल आभारी आहे. आक्का म्हणते, नाव घ्यायला हवे होते.

ती दुसऱ्या कारणानेही चढून बसली आहे. २९ तारखेला गाडीतून उतरून तू आलीस, मफलरही न काढता गोधडीपाशी उकिडवी बसलीस, आणि रेघांवरून बोट फिरवत विचारलेस, “हे टाके कुणाचे?”

“माझे,” मी म्हणालो.

“आणि हे मोठे?”

“आक्काचे.”

“आक्कांचे छान पडलेत. नाना, तुमच्या टाक्यांनी कापडाला श्वास घेता येत नाही.”

त्या क्षणापासून आक्का या घरातली तज्ज्ञ आहे. तिने जाण्याचा दिवसही पुढे ढकलला आहे.

तू हिरव्या खिडकीपाशी आलीस तेव्हा मी सुईत दोरा ओवून तयार ठेवला होता. तू कड पाहिलीस. मला वाटले, आता सुई मागशील. तू पर्समधून एक सेफ्टी पिन काढलीस, कडेचे दोन्ही पदर जुळवून ती लावलीस, आणि म्हणालीस, “राहू दे नाना. पुढच्या सुट्टीत आले की शिवेन.”

“पुढची सुट्टी कधी?” आक्काने विचारले. मी विचारणार नव्हतो.

“उन्हाळ्यात. आणि तेव्हा नाही झाली, तर त्याच्या पुढच्या.”

गाडी गेल्यावर खिडकीपाशी यंत्राच्या पायांचे ठसे तेवढे फरशीवर राहिले. आक्का म्हणाली, तिथे एखादे टेबल ठेव, उघडेबोडके दिसते. मी काही ठेवलेले नाही. वर्तमानपत्रे जमिनीवर रचतो. ती जागा मला बरी वाटते. संध्याकाळी तिथे उभे राहिले की समोरची इमारत पूर्ण दिसते. माणसे परतली आहेत. दंतवैद्यही आले.

गोधडी पलंगावर घातली आहे. थंडी अजून आहे, पण मला लागत नाही. झोपताना कड चाचपून पाहतो, पिन बंद आहे ना एवढेच. आक्काने काल दोनदा सुचवले की वीतभरच तर आहे, ती शिवून टाकते. मी तिला त्या बाजूला हात लावू देत नाही.

तुझा
नाना